मुकादमचे केस आणि वहिनींचा अंगठा

वहिनींना सख्खा दीर एकच, पण वहिनी म्हणणारी अख्खी गल्ली. गॅसवाला वहिनी म्हणतो, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, आणि ज्यांची कुत्री त्यांच्याकडे येतात ती गाडीतून उतरणारी मंडळीही वहिनीच म्हणतात. एका बाईंनी सुरुवातीला ‘मॅडम’ म्हणून पाहिलं होतं. पण त्यांच्या कुत्र्याचं ढुंगण धुण्यात गुंतलेल्या वहिनींनी मान वळवली नाही, तेव्हा त्याही निमूट वहिनीवर आल्या.

धंदा सासऱ्यांचा. मामंजी तरुणपणी एका बंगल्यावर कुत्री सांभाळायला होते. मालक टेरियर जातीच्या कुत्र्यांचा वेडा. मुलांची नावं चुकायचा, पण कुत्र्यांची सात पिढ्यांपर्यंत तोंडपाठ. तिथे मामंजी टेरियरचे केस काढायला शिकले. मालक गेला, बंगला विकला गेला, कुत्री पांगली, तेव्हा त्यांनी बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एक गाळा घेतला आणि पाटी लावली, ‘येथे कुत्र्यांचे केस हाताने काढले जातात.’ लोक वाचायचे आणि हसत पुढे जायचे. ज्याच्याकडे टेरियर असे तो मात्र थांबायचा.

कारण टेरियरचा केस कापायचा नसतो. तो तारेसारखा कडक. टोकाशी काळाभोर आणि जाड, मुळाशी फिका आणि बारीक. वाढून वाढून तो पिकतो, मग चिमटीत धरून वाढीच्या दिशेने ओढला की सुटून येतो. कुत्र्याला काही कळतही नाही, जांभई देतं. तो निघाला की खालून नवा येतो, पुन्हा काळा, पुन्हा कडक. पण कुणी कात्री किंवा मशीन लावलं की टोक जातं आणि मूळ राहतं. दोनचार वेळा असं झालं की तारेचा कापूस होतो आणि काळ्याचं राखाडी.

दोन मुलगे घरात असताना हे काम मामंजींनी शिकवलं थोरल्या सुनेला. थोरल्या मुलाला कुत्र्याच्या केसांनी शिंका यायच्या आणि धाकट्याला कामानेच यायच्या. वहिनी तेव्हा नव्या नवरी. माहेरी त्यांनी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. मामंजी स्वतः हात लावून दाखवत नसत. स्टुलावर बसून शिव्या देत. ‘तो केस आहे, शेजाऱ्याचा कांदा नाही. हिसका कशाला देतेस?’ किंवा, ‘पिकलेला घे गं, कच्च्याला का छळतेस?’ सुनेशी असं बोलतात का, असं सासूबाई म्हणायच्या. मामंजी म्हणायचे, सुनेशी नाही बोलत, तिच्या अंगठ्याशी बोलतोय.

सगळं काम त्या अंगठ्याचं. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये चिमूटभर केस, बोटांना खडूची पूड, म्हणजे केस निसटत नाही. वहिनींचा अंगठा पुढे असा तयार झाला की त्या अंधारातही पिकलेला केस ओळखायच्या. देवावर त्यांची श्रद्धा होती, पण ती बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. सकाळी शटर उघडलं की टेबलाला हात लावून मनातल्या मनात त्या दोन शब्द बोलायच्या आणि लगेच कुणाच्या तरी शेपटीला लागायच्या.

मग धाकटी जाऊ आली. ती पार्लरचा कोर्स केलेली, चटपटीत, लांब नखांची. तिने मशीन आणलं, ड्रायर आणला, सुगंधी पाणी आणलं. मामंजी गेल्यावर दुकानाची वाटणी आपोआप झाली. मऊ केसांची कुत्री धाकटीच्या टेबलावर, तारेच्या केसांची वहिनींच्या. दिवसभर घर्र घर्र चालायची आणि वहिनी अधूनमधून एक सोडायच्या.

‘झालं का तुझं गवत कापून?’

‘झालं. तुमची भाजी निवडून झाली का?’

जावाजावांचं बरं चाललं होतं म्हणायचं.

आणि अंगठा गेला. म्हणजे होता जागेवरच, पण कामाचा राहिला नव्हता. मुळाशी गाठ आली, सकाळी तो वाकेना, दुपारी सरळ होईना. चिमूट धरली की मनगटापर्यंत कळ जायची. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यांनी बाम आणून दिला असता आणि गल्लीभर सांगितलं असतं. धाकटीला सांगायचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं तिच्या मशीनला नावं ठेवून आता कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून वहिनींनी देवाला सांगितलं. ‘कुत्र्याला पायाच्या वर एक अंगठा दिलास तू. जमिनीला टेकत नाही, कशाला लागत नाही, नुसता लोंबतो. त्याला ठणठणीत ठेवलास. आणि माझा नेमका खराब केलास. हिशेब कळत नाही तुझा.’

देवाने काही बदल केला नाही. तेव्हा एके दुपारी, धाकटी घरी जेवायला गेलेली असताना, वहिनींनी तिचं मशीन उचललं. टेबलावर मुकादम उभा होता.

मुकादम हा कर्नलांचा टेरियर. पाठ काळी, पाय तांबूस, हनुवटीला दाढी आणि भुवया अशा की समोरच्याला वाटावं आपलं काहीतरी चुकलंय. दुकानात आला की दारात बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी हुंगून मगच आत सोडायचा, म्हणून नाव मुकादम. आणि कर्नल हे कर्नल नव्हते. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात टेबलावर बसलेले. हातात हत्यार म्हणून त्यांनी फक्त झुरळं मारायचा पंप धरला होता. पण चालायचे छाती काढून, हात मागे बांधून, म्हणून गल्लीने त्यांना बढती दिली. बायको गेल्यापासून घरात ते आणि मुकादम, दोघंच. त्यांची लेक दुसऱ्या शहरात आठव्या मजल्यावर राहायची आणि दर फोनला म्हणायची, बाबा, इकडे या. तिच्या इमारतीत कुत्रा चालत नाही. कर्नल दर फोनला म्हणायचे, मुकादम आहे ना. विषय संपायचा.

तर त्या दुपारी वहिनींनी मुकादमच्या पाठीवरून मशीन फिरवलं. किती सोपं, किती गुळगुळीत. मुकादमने मान वळवून अशी नजर टाकली की त्या वरमल्या. ‘बघू नकोस असा,’ त्या म्हणाल्या, ‘तुझं वाईट होणार नाही.’ मग केसांवरून हात फिरवला तर मऊ लागले. कर्नल आले की पाठीवरून हात फिरवणारच. म्हणून वहिनींनी खडूची पूड घेऊन चांगली चोळली. हात फिरवला, खरखरीत. कर्नल आले, हात फिरवला, ‘छान’ म्हणाले आणि गेले.

असं पुढच्या खेपेला झालं आणि त्याच्या पुढच्याही, आणि हळूहळू बाकीच्या टेरियरचंही तेच. दर खेपेला केस जास्त मऊ, म्हणून दर खेपेला खडू जास्त. तारेच्या केसाला घरी पाणी लावायचं नाही हा दुकानाचा नियम, त्यामुळे तो साचतही गेला. मशीनने काळ्याचं राखाडी होत होतं आणि खडूने राखाडीचं पांढरं. इतकी वर्षं कुत्र्यांचे रंग ओळखणाऱ्या बाईच्या हे लक्षात येऊ नये याचं नवल वाटेल. पण वहिनी तेव्हा मुकादमकडे बघतच नव्हत्या. दाराकडे बघत होत्या, धाकटी येते का म्हणून.

एका सकाळी कर्नल मुकादमला घेऊन आले आणि स्वतःच त्याला उचलून टेबलावर ठेवला. टेबलाला गळपट्टा अडकवायचा लोखंडी खांब आहे. नवीन माणसाला तो फाशीचाच वाटतो. पट्टा अडकवताना कर्नलांचे हात जरा जास्त वेळ रेंगाळले.

‘नीट करून द्या वहिनी. परक्या घरी जायचंय त्याला.’

‘कुणाकडे?’

‘आमच्या खात्यातला शिपाई होता. त्याचं गावाबाहेर घर आहे, मागे मोकळी जागा आहे. रविवारी नेतोय.’

‘किती दिवस?’

‘कायमचा.’

वहिनींचा हात खडूच्या डब्यावर होता. तो तिथेच राहिला.

‘बघा ना त्याच्याकडे,’ कर्नल म्हणाले. ‘वर्षभरात निम्मा पांढरा झाला. मी आरशात फार बघत नाही, वहिनी, याच्याकडे बघतो. याचं असं, तर माझं काय झालं असेल? उद्या मी जिन्यात पडलो तर हा बिचारा काय करणार, पाणी देणार? लेकीला कळवलंय. तिने खोली रिकामी केलीय.’

‘मुकादमचे डॉक्टर काय म्हणतात?’

‘डॉक्टर म्हणतो काही नाही झालेलं. त्याला काय कळतंय. परवापर्यंत मिशी नव्हती त्याला.’

कर्नल गॅसचं कनेक्शन बंद करायचा अर्ज द्यायला गेले. दुकान बंद व्हायच्या आत येतो म्हणाले. मुकादम त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभा राहिला आणि वहिनी मुकादमकडे. या वेळी खरंच बघितलं. माणसाने दळण दळून घरी यावं तसा दिसत होता तो.

धाकटीच्या टेबलावर एक कुरळं पांढरं कुत्रं होतं. तिने मशीन बंद केलं.

‘आता तुम्ही तोंड उघडताय, का मी उघडू?’

वहिनी म्हणाल्या, ‘कशाबद्दल?’

‘वहिनी, माझ्या मशीनचं ब्लेड कोण साफ करतं? मी. माझ्याकडे येणारं एक तरी कुत्रं तारेसारख्या काळ्या केसांचं आहे का?’

वहिनी टेबलाचा स्क्रू घट्ट करायला लागल्या. तो घट्टच होता.

‘मग बोलली का नाहीस?’

‘का बोलू? लग्न होऊन आल्यापासून मला गवतकापी म्हणताय. म्हटलं, बघू या कधी स्वतःहून येताय मशीन मागायला. मला मजा येत होती.’ धाकटीने कुरळ्याचे कान नीट केले. ‘पुढे मजा नाही आली. डब्याचं झाकण तुम्ही हल्ली दातांनी उघडता. मला काय दिसत नाही?’

मुकादमने वहिनींचा हात चाटायला घेतला, नेमका तोच हात. त्यांनी काढून घेतला.

‘डाय लावू का त्याला?’ धाकटी म्हणाली. ‘अर्ध्या तासात काळा कुळकुळीत. तुमच्या दिरांना मीच लावते.’

‘तुझा नवरा अंग चाटत नाही.’

‘मग औषध सांगा एखादं. तेल सांगा. म्हणावं, हे चोळा, महिन्याभरात काळा होतो. तोवर तुम्ही खडू बंद करा, होईलच थोडा.’

हे मात्र वहिनींना पटण्यासारखं होतं. खोटं होतं, पण फार मोठं नव्हतं. कर्नल जाणार नाहीत, मुकादम जाणार नाही, पाटीवरचं ‘हाताने’ राहील आणि अंगठ्याचं कुणाला कळायचं नाही. त्यांनी डोळे मिटून देवाला विचारलं. देव गप्प. उत्तर आपल्याला ठाऊक आहे म्हणूनच तो गप्प बसलाय, हे वहिनींना कळलं आणि त्यांना त्याचा जरा रागच आला.

त्यांनी मुकादमला धुवायला घेतला. पहिलं पाणी ताकासारखं पांढरं गेलं, दुसरं त्याहून कमी. तिसऱ्या पाण्याला मुकादम राखाडी निघाला. काळा नव्हे, पण म्हाताराही नव्हे. फक्त पाठीवर कापूस लावल्यासारखा.

दिवेलागणीला कर्नल आले. वहिनींनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

‘कर्नलसाहेब, मुकादम म्हातारा झालेला नाही. मी त्याला मशीन लावलं. वर्षभर लावतेय. टेरियरला मशीन लावलं की रंग जातो. ते लपवायला मी खडू चोळला.’

कर्नलांनी हे सगळं एकदम घेतलं नाही, थोडं थोडं घेतलं.

‘म्हणजे हे पांढरं…’

‘थोडं मशीन. बाकी खडू.’

‘खडू.’

‘खडू.’

‘त्या डॉक्टरने याचं रक्त काढलं, वहिनी. छातीचा फोटो काढला. मी काढायला लावला. धरायला माणसं कमी पडली, एका नर्सचा डबा खाल्ला याने. आणि मी याला रोज भोपळा उकडून घालतोय. म्हाताऱ्या कुत्र्याला बरा म्हणून. मी पण तोच खातोय, याला एकट्याला खाताना वाईट वाटू नये म्हणून.’

‘भोपळ्याने वाईट काही होत नाही,’ वहिनी म्हणाल्या.

‘तुम्ही गप्प बसा.’

धाकटीने ड्रायरची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

कर्नलांनी मुकादमच्या पाठीवरून हात फिरवला. मऊ लागली. ते बराच वेळ फिरवत राहिले. ‘नक्की म्हातारा नाही?’

‘नाही. दात बघा, नखं बघा. मघाशी सायकलवाल्याची हवा काढून आला.’

‘आणि मी?’

‘तुमचं मी कसं सांगू? तुम्हाला मी कधी विंचरलेलं नाही.’

धाकटीला खोकला आला. कर्नल हसले नाहीत. ‘मला आधी सांगितलं असतंत, तर मी काय तुम्हाला या खांबाला लटकवणार होतो? गॅसचा अर्ज देऊन आलोय मी. लेकीने पडदे शिवले.’ आवाज चढला आणि मध्येच उतरला. ‘का लावलंत मशीन? तुम्ही? पाटी वाचून मी आलो होतो तुमच्याकडे.’

वहिनींनी हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी गाठ होती, आवळ्याएवढी. त्यांनी अंगठा पहिल्या बोटाला लावायचा प्रयत्न केला. तो मध्येच थांबला. कर्नलांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

‘दुरुस्त होईल का?’

‘अंगठा नाही होणार.’

‘कुत्रा हो.’

‘होईल. तो सगळा कापूस उपटून काढायचा, दर आठवड्याला थोडा थोडा. खालून चांगला येतो. सगळा नाही, पण येतो. माझ्याने मात्र नाही व्हायचं.’

कर्नलांनी धाकटीकडे पाहिलं.

‘माझ्याकडे बघू नका,’ धाकटी म्हणाली. ‘मला येत नाही. मला यांनी शिकवलंच नाही कधी. मी मागितलं होतं.’

मागितलं होतं खरं, आल्या आल्या, पहिल्याच वर्षी. वहिनींना ते आठवलं आणि आपण काय म्हणालो होतो तेही. आधी ती नखं काप, असं म्हणाल्या होत्या. तिने कापली होती. मग म्हणाल्या होत्या, बघू.

कर्नलांनी आपले दोन्ही हात समोर धरले, टेबलावर बसून पेन धरणाऱ्याचे हात, गोरेगोमटे. वहिनींनी ते घेतले आणि कुत्र्याचे पंजे तपासतात तसे उलटेपालटे करून पाहिले. अंगठे वाकवले, दाबले.

‘चालतील,’ त्या म्हणाल्या. ‘कोरेच आहेत.’

तसा पुढचा सगळा उपद्व्याप सुरू झाला. ठरल्या वारी कर्नल यायचे, शर्टावर धाकटीचा एप्रन घालायचे आणि मुकादमला भिडायचे. पहिल्या दिवशी त्यांनी झेंडावंदनाला उभं राहिल्यासारखं उभं राहून केस ओढले आणि मुकादमने त्यांची बाही फाडली. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. इतकी वर्षं गिऱ्हाइकाशी गोड बोलणारी बाई, पण स्टुलावर बसल्याबरोबर त्यांच्या तोंडाला काय झालं कोण जाणे.

‘ती पाठ आहे, कर्नल, नळाचा पाइप नाही. कातडी ताणून धरा. दुसरा हात काय शोभेला दिलाय?’

‘जरा हळू बोला. झेरॉक्सवाला ऐकतोय.’

‘ऐकू दे. त्याच्या लायकीचंच बोलतेय. कच्चा सोडा. कच्चा सोडा म्हटलं ना.’

धाकटी म्हणाली, ‘आले. मामंजी आले परत.’

नखं कापून तीही शेजारी उभी राहिली, पायांकडच्या बाजूला. या खेपेला वहिनी ‘बघू’ म्हणाल्या नाहीत. धाकटीचा हात हलका होता, कर्नलांपेक्षा तर फारच. त्या तसं बोलल्या नाहीत, नुसत्या ‘हं’ म्हणाल्या. पण त्यांचा ‘हं’ धाकटीला कळायचा.

बाकीच्या टेरियरवाल्यांनाही वहिनींनी सांगून टाकलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबायचं कशाला? एकजण तणतणत गेला तो आलाच नाही. एक बाई म्हणाल्या, आम्हाला बाई मऊच आवडतो, असाच राहू दे. वहिनींना ते सगळ्यांत जास्त लागलं.

मुकादमची पाठ मधल्या काळात बघवत नव्हती. अर्धी दाढी झाल्यावर पाणी गेलेल्या माणसासारखी. कर्नल रस्त्याने जाताना लोक विचारायचे, याला काय झालंय? कर्नल छाती काढून सांगायचे, काम चालू आहे. गॅसचं कनेक्शन त्यांनी परत जोडून घेतलं होतं, पण लेकीला अजून स्पष्ट काही सांगितलं नव्हतं. थोडं थांब, एवढंच म्हणत होते. वहिनींना ते ठाऊक होतं. त्या विचारत नव्हत्या. विचारायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटायचं.

एके दिवशी कर्नल मानेजवळ काम करत असताना फोन वाजला. बोटांना खडू. वहिनींनी फोन उचलून त्यांच्या कानाशी धरला, डाव्या हाताने. लेक मोठ्यांदा बोलणारी. ऐकू येऊ नये म्हणून धाकटीने ड्रायर लावला आणि दुसऱ्याच क्षणी बंद केला.

‘बाबा, पडदे लावून ठेवलेत. येताय ना? का अजून त्या कुत्र्याचं दुखणं चाललंय?’

कर्नलांनी चिमूट सोडली. त्यांच्या अंगठ्याखाली, कापसाच्या मधोमध, काही केस उभे होते. आखूड, जाड, काळे. त्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, उलट दिशेने, टोचतात का ते बघायला.

‘त्याला दुखणं नव्हतंच,’ ते म्हणाले. ‘आणि मलाही नाही. म्हातारे झालो म्हणून येणार होतो. ते काही खरं नव्हतं. सुट्टीत येईन, आठ दिवस. मुकादम तेवढे दिवस दुकानात राहील.’ त्यांनी वहिनींकडे पाहिलं. विचारलेलं नव्हतं, त्यामुळे नजर जरा चोरटी होती. वहिनींनी मान हलवली. ‘राहील. हो. पडदे? पडदे असू देत गं, आठ दिवसांना पण पडदे लागतातच की.’

पलीकडून लेक काय म्हणाली ते नीट कळलं नाही. बराच वेळ म्हणत होती. कर्नल हं, हं करत होते आणि त्यांची बोटं पुन्हा कामाला लागली होती, न बघता. मुकादमची कातडी दचकली. त्याने मान वळवून भुवया वर केल्या.

वहिनींनी फोन कानापासून थोडा बाजूला घेतला.

‘तो काळा होता,’ त्या म्हणाल्या. ‘नवा. बोलता बोलता उपटू नका.’